विद्यार्थी-सहभाग, अध्यापनाच्या मूल्यमापनातील

महाविद्यालयीन व विद्यापीठीय पातळीवरील अध्यापन-अध्ययनाची गुणवत्ता अजमावण्याच्या आणि ती सुधारण्याच्या कार्यात विद्यार्थ्यांनी घेतलेला पद्धतशीर भाग. वर्गात काय शिकविले गेले याची साक्ष अध्यापक देऊ शकतो; पण त्यांपैकी काय पोहोचले, कोठे अडले आणि कशामुळे अडले, हे विद्यार्थीच सांगू शकतो. हे या संकल्पनेमागील मूळ गृहीत होय. प्रश्नावली भरून देणे हा या सहभागाचा सर्वांत परिचित प्रकार असला, तरी तो एकमेव नव्हे. वर्गातील गटचर्चा, विद्यार्थी-अध्यापकांच्या संयुक्त समित्या, प्रशिक्षित विद्यार्थ्यांकडून होणारे वर्गनिरीक्षण, तसेच संस्थांच्या बाह्य तपासणी-मंडळांतील विद्यार्थि-सदस्यत्व यांचाही त्यात समावेश होतो.

या कार्याची दोन भिन्न उद्दिष्टे असतात. अध्यापन चालू असतानाच त्यात सुधारणा व्हावी म्हणून केलेल्या मूल्यमापनास रचनात्मक किंवा घडणकालीन मूल्यमापन म्हणतात. अध्यापकाची नेमणूक, सेवासातत्य वा पदोन्नती यांविषयी निर्णय घेण्यासाठी सत्राच्या अखेरीस केलेले मूल्यमापन हे निर्णयात्मक मूल्यमापन होय. पहिल्यात अध्यापकाला माहिती मिळते, तर दुसऱ्यात त्याच्याविषयी निवाडा केला जातो. या दोहोंची गल्लत हे या क्षेत्रातील बहुतेक वादांचे मूळ आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : अध्यापनावर विद्यार्थ्यांचे नियंत्रण असण्याचे सर्वांत ठळक उदाहरण मध्ययुगीन इटलीतील बोलोन्या येथील विद्यापीठात आढळते. परंपरेने या विद्यापीठाची स्थापना १०८८ मध्ये झाल्याचे मानतात. तेथे विधीचा अभ्यास करण्यासाठी दूरदूरच्या प्रदेशांतून आलेल्या, बहुधा प्रौढ वयाच्या विद्यार्थ्यांनी आपले संघ स्थापन केले आणि अध्यापकांशी करार करून त्यांच्यावर नियम लादले. व्याख्यान उशिरा सुरू करणे, घंटा झाल्यावरही ते लांबविणे, ग्रंथातील एखादा अवघड भाग गाळणे, ठरलेल्या तारखेपर्यंत ठरलेला भाग पूर्ण न करणे यांबद्दल अध्यापकाला दंड होत असे. व्याख्यानास पाच श्रोतेही न जमल्यास अध्यापक गैरहजर असल्याचे समजून दंड आकारीत. नियमभंगाची वार्ता देण्यासाठी विद्यार्थ्यांचे गुप्त निरीक्षकही नेमलेले असत. मात्र परीक्षा घेण्याचा व पदवी देण्याचा अधिकार अध्यापकांच्या मंडळाकडेच राहिला होता. पुढे नगरशासनाने अध्यापकांना वेतन देण्यास सुरुवात केल्यावर विद्यार्थ्यांची ही सत्ता ओसरत गेली. पॅरिस येथील विद्यापीठ हे याउलट अध्यापकांचा संघ म्हणून वाढले आणि उत्तर यूरोपातील विद्यापीठांनी सामान्यतः त्याचाच कित्ता गिरविला. बोलोन्याचे उदाहरण दोन दृष्टींनी बोधप्रद आहे : अध्यापकाची नियमितता व अभ्यासक्रमाची पूर्तता यांवर विद्यार्थी प्रभावीपणे लक्ष ठेवू शकतात, हे त्यातून दिसते, पण दंड व हेरगिरी यांच्या साहाय्याने वक्तशीरपणा साधला, तरी अध्यापनाचा दर्जा उंचावतोच असे नाही.

आधुनिक पद्धतीचा प्रारंभ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९२० नंतरच्या दशकात झाला. हार्व्हर्ड विद्यापीठातील क्रिमझन या विद्यार्थी-दैनिकाने १९२५ मध्ये अभ्यासक्रमांविषयी विद्यार्थ्यांची मते संकलित करणारी मार्गदर्शिका काढली. याच सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एडविन गथ्री आणि पर्ड्यू विद्यापीठात एच्. एच्. रेमर्स यांनी या विषयाचा शास्त्रीय अभ्यास हाती घेतला. रेमर्स यांची अध्यापकांसाठीची पदनिश्चयन श्रेणी १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली. पदनिश्चयन श्रेणीत अध्यापनाच्या एकेका गुणविशेषापुढे क्रमवार मांडलेल्या पर्यायांपैकी एकावर विद्यार्थी खूण करतो. त्यामुळे मतांना संख्यारूप देता येते. विद्यार्थ्यांची अनुकूल मते केवळ उदार हाताने दिलेल्या गुणांची परतफेड असतात काय, विद्यार्थिदशा संपल्यावर ती मते पालटतात काय, यांसारखे प्रश्न रेमर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी संशोधनाच्या कक्षेत आणले. माजी विद्यार्थ्यांची मते आणि वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांची मते यांत बरेच साम्य असते, असे त्यांना आढळून आले.

१९६० नंतरच्या दशकातील विद्यार्थी-आंदोलनांनी या प्रश्नाला राजकीय परिमाण दिले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थी-संघटनेने अधिकृत अभ्यासक्रम-सूचीला पूरक अशी स्वतःची समीक्षात्मक सूची प्रकाशित केली. फ्रान्समध्ये मे १९६८ च्या उठावानंतर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये शिक्षणमंत्री एद्गार फोर यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्यान्वये विद्यापीठांच्या परिषदांवर विद्यार्थ्यांना प्रतिनिधित्व मिळाले. अमेरिकेत विद्यार्थी-प्रश्नावलीचा प्रसार यानंतर झपाट्याने झाला आणि काही दशकांतच ती बहुतेक संस्थांच्या प्रशासनाचे नित्याचे साधन बनली.

साधने व पद्धती : (१) प्रश्नावली : चांगल्या प्रश्नावलीत ‘अध्यापक कसे आहेत?’ असा एकच ढोबळ प्रश्न नसतो. अध्यापनाची निरनिराळी अंगे वेगवेगळी तपासली जातात. ऑस्ट्रेलियात काम केलेले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या प्रसिद्ध प्रश्नावलीत घटक विश्लेषणाच्या आधारे नऊ अंगे निश्चित केली आहेत : अध्ययनाची मूल्यवत्ता, अध्यापकाचा उत्साह, मांडणीची सुसूत्रता, वर्गातील आंतरक्रिया, विद्यार्थ्यांशी वैयक्तिक संबंध, विषयाची व्याप्ती, परीक्षण, स्वाध्याय व वाचन आणि अभ्यासाचा भार. एखादा अध्यापक उत्साही असूनही अव्यवस्थित असू शकतो, तर दुसरा सुसूत्र असूनही प्रश्न विचारण्यास वाव न देणारा असू शकतो. अंगवार मापनामुळे नेमके काय सुधारावयाचे ते कळते.

(२) मध्यसत्रीय गटमुलाखत : ही पद्धत वॉशिंग्टन विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात विकसित झाली. सत्राच्या मध्यास अध्यापकाच्या संमतीने एक त्रयस्थ सहकारी वर्गात येतो आणि अध्यापक वर्गाबाहेर जातो. विद्यार्थी लहान लहान गटांत बसून तीन प्रश्नांचा विचार करतात : अध्ययनास कशाचे साहाय्य होते, कशात सुधारणा हवी आणि ती कशी करावी? सर्व गटांचे मुद्दे फळ्यावर मांडून, त्यांपैकी किती जणांना कोणते मान्य आहेत ते पाहिले जाते. पुढे तो सहकारी अध्यापकाशी एकांतात चर्चा करतो आणि अध्यापक पुढील तासास वर्गाला उत्तर देतो. सर्व कामास वर्गाचा सु. अर्धा तास लागतो. एखाद-दुसऱ्याची वैयक्तिक कुरकुर आणि वर्गाची सामाईक अडचण यांतील भेद या पद्धतीत आपोआप स्पष्ट होतो.

(३) वर्गांतर्गत अल्पलेखन : तासाच्या अखेरीस विद्यार्थी चिठ्ठीवर दोन प्रश्नांची निनावी उत्तरे लिहितात : आजचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कोणता आणि कोणती गोष्ट कळली नाही? पॅट्रिशिया क्रॉस व टॉमस अँजेलो यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेमुळे अशा अल्पखर्ची तंत्रांचा प्रसार झाला. येथे अध्यापकाला गुण दिले जात नाहीत. अध्ययनाचीच चाचपणी होते. म्हणून अध्यापकांना ही पद्धत फारशी जाचक वाटत नाही.

(४) विद्यार्थी-निरीक्षक व भागीदार : अमेरिकेतील ब्रिगम यंग विद्यापीठात १९९० नंतरच्या दशकात आणि ब्रिन मॉर महाविद्यालयात २००६ पासून, अध्यापकाच्या विनंतीवरून प्रशिक्षित विद्यार्थ्याने त्याच्या वर्गाचे निरीक्षण करावे, असा उपक्रम सुरू झाला. ब्रिन मॉर येथील उपक्रमात निरीक्षक-विद्यार्थी त्या वर्गात नाव नोंदविलेला नसतो, म्हणून गुणांची आशा वा भीती त्याला नसते. तो आठवड्यातून एकदा वर्गात बसून टिपणे घेतो, अध्यापकाशी चर्चा करतो आणि त्याला या कामाचे मानधन मिळते. या उपक्रमाच्या प्रवर्तक ॲलिसन कुक-सादर यांच्या मते भागीदारी म्हणजे अधिकारांची सरसकट समानता नव्हे. परस्पर आदर, देवघेव आणि सामाईक जबाबदारी ही तिची लक्षणे होत.

सप्रमाणता व मर्यादा : विद्यार्थ्यांचे मत हे अध्यापनाचे सप्रमाण माप आहे काय, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय. तो तपासण्यासाठी एकाच अभ्यासक्रमाच्या अनेक तुकड्या निरनिराळ्या अध्यापकांकडे देऊन सर्वांची परीक्षा मात्र एकच घेतात. ज्या तुकडीने अध्यापकास अनुकूल मत दिले, तिची संपादणूकही अधिक आहे काय, हे पाहतात. पीटर कोएन यांनी १९८१ मध्ये अशा ४१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. अध्यापकाविषयीचे सर्वसाधारण मत व तुकडीची संपादणूक यांतील सरासरी सहसंबंध गुणक ०·४३ आढळला. म्हणजे तुकड्यांच्या संपादणुकीतील तफावतीपैकी सु. १८ टक्के तफावतीचा संबंध विद्यार्थ्यांच्या मताशी लावता येत होता. हा निष्कर्ष दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. तथापि बॉब उटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये केलेल्या फेरविश्लेषणात, पूर्वीचे सहसंबंध मुख्यतः लहान नमुन्यांमुळे फुगलेले असून प्रत्यक्षात असा संबंध जवळजवळ नाहीच, असे प्रतिपादन करण्यात आले.

बाह्य आकर्षणाने विद्यार्थी भुलतात, या आक्षेपाच्या पुष्ट्यर्थ एका प्रयोगाचा नेहमी उल्लेख होतो. १९७० मध्ये एका व्यावसायिक नटाला ‘डॉक्टर फॉक्स’ हे नाव देऊन वैद्यकीय शिक्षणाशी संबंधित तज्ञांपुढे उभे करण्यात आले. त्याचे व्याख्यान मुद्दाम विसंगत व आशयशून्य ठेवलेले होते. पण त्याची वाणी प्रभावी व विनोदी होती. श्रोत्यांनी त्यास अनुकूल शेरे दिले. या प्रयोगाचा वृत्तांत १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र हे एकच व्याख्यान होते आणि श्रोत्यांची त्यावर परीक्षा व्हावयाची नव्हती. सबंध सत्र एकाच अध्यापकाकडे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही.

याहून गंभीर पुरावा अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीतून मिळाला. तेथे विद्यार्थ्यांची अध्यापकांकडे वाटणी यदृच्छेने होते. स्कॉट कॅरेल व जेम्स वेस्ट यांच्या २०१० मधील अभ्यासानुसार, प्रारंभिक कलनशास्त्राच्या परीक्षेत विद्यार्थ्यांना अधिक गुण मिळवून देणाऱ्या अध्यापकांना अनुकूल मते मिळाली. परंतु तेच विद्यार्थी त्यावर आधारलेल्या पुढील अभ्यासक्रमांत मागे पडले. परीक्षेपुरते शिकविणे तत्काळ आवडते. खोलवर शिकविण्याची किंमत पुढे कळते, असा याचा एक अर्थ लावला जातो.

पूर्वग्रहाचा प्रश्नही दुर्लक्षणीय नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात दूरस्थ पद्धतीने शिकविणाऱ्या एका स्त्री व एका पुरुष अध्यापकाची ओळख काही गटांपुरती परस्परांत बदलण्यात आली. पुरुष म्हणून ओळख करून दिलेल्या अध्यापकास, तो प्रत्यक्षात कोणीही असो, अधिक अनुकूल मते मिळाली. या प्रयोगात ४३ विद्यार्थीच होते, म्हणून तो निर्णायक म्हणता येत नाही. तथापि पुढील मोठ्या अभ्यासांतही लिंगभावाचा परिणाम आढळून आला. कॅनडातील रायर्सन विद्यापीठाच्या प्रकरणात २०१८ मध्ये लवादाने असा निर्णय दिला, की पदोन्नती वा सेवासातत्य यांसाठी अध्यापनाची परिणामकारकता मोजण्याकरिता विद्यार्थी-प्रश्नावलीतील सरासरीचा वापर करू नये.

केवळ सरासरीवर विसंबणे कसे दिशाभूल करणारे ठरते, हे साध्या उदाहरणावरून लक्षात येईल. चाळीस विद्यार्थ्यांच्या एका वर्गात सर्वांनी पाचपैकी तीन गुण दिले आणि दुसऱ्या वर्गात वीस जणांनी एक व वीस जणांनी पाच गुण दिले, तर दोन्ही वर्गांची सरासरी तीनच येते. पहिल्या वर्गातील अध्यापन सर्वांना मध्यम वाटले. दुसऱ्या वर्गात निम्म्यांना ते उत्तम वाटले, तर निम्मे पार बाजूला पडले. कदाचित अध्यापनाची भाषा किंवा आवश्यक पूर्वज्ञान हे त्याचे कारण असेल. सुधारणेच्या दृष्टीने दुसऱ्या वर्गाची माहिती मोलाची आहे आणि नेमकी तीच सरासरीत नाहीशी होते.

वरील संशोधनाचे तात्पर्य विद्यार्थ्यांच्या मताला किंमत नाही असे नव्हे, तर त्याचे क्षेत्र मर्यादित आहे, असे आहे. अध्यापक नियमित येतो काय, त्याचा आवाज व फळ्यावरील लेखन शेवटच्या बाकापर्यंत पोहोचते काय, प्रश्नांना तो उत्तरे देतो काय, तपासलेल्या उत्तरपत्रिका वेळेवर मिळतात काय, कोणत्या विद्यार्थ्यांची उपेक्षा होते काय, या बाबींचा विद्यार्थ्याइतका उत्तम साक्षीदार दुसरा नाही. उलट, अध्यापकाचे विषयज्ञान अद्ययावत आहे काय, अभ्यासक्रमाची निवड योग्य आहे काय, परीक्षणाची पातळी उचित आहे काय, यांचा निर्णय विषयातील समकक्ष तज्ञांनीच करावयास हवा.

प्रत्याभरण व सुधारणा : माहिती गोळा केल्याने अध्यापन आपोआप सुधारत नाही. कोएन यांच्याच १९८० मधील विश्लेषणात असे दिसून आले, की मध्यसत्रात केवळ गुणांकांचा तक्ता हाती ठेवल्यास थोडीशी सुधारणा होते. पण त्या तक्त्याच्या जोडीला अनुभवी सहकाऱ्याशी चर्चा झाल्यास सुधारणेचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढते. दुसरी अट वर्गाला उत्तर देण्याची. कोणत्या सूचना स्वीकारल्या, कोणत्या स्वीकारता येत नाहीत व का, हे अध्यापकाने स्पष्ट सांगितले, तर पुढील वेळी विद्यार्थी विचारपूर्वक लिहितात. उत्तर मिळत नाही असा अनुभव आला, की प्रश्नावली यांत्रिकपणे भरल्या जातात आणि भरणाऱ्यांची संख्याही घटते. सत्राच्या अखेरीस घेतलेल्या प्रश्नावलीचा तर ती भरणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतःला काहीच लाभ होत नाही. म्हणून मध्यसत्रीय पद्धतींना अग्रक्रम द्यावा, असे अनेक तज्ञांचे मत आहे.

संस्थात्मक व राष्ट्रीय व्यवस्था : अनेक देशांत विद्यार्थ्यांचे मत हा गुणवत्ता-व्यवस्थेचा अधिकृत घटक बनला आहे. ऑस्ट्रेलियात पॉल रॅम्सडेन यांनी तयार केलेली अभ्यासक्रम-अनुभव प्रश्नावली १९९३ पासून राष्ट्रीय पातळीवर वापरण्यात येऊ लागली. ब्रिटनमध्ये अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय पाहणी २००५ मध्ये सुरू झाली. स्कॉटलंडमध्ये २००३ पासून विद्यापीठांच्या तपासणी-मंडळांवर विद्यार्थ्यांना पूर्ण सदस्य म्हणून स्थान देण्यात आले. यूरोपीय शिक्षणमंत्र्यांनी बर्गेन येथे २००५ मध्ये स्वीकारलेल्या गुणवत्ता-मानकांतही बाह्य तपासणीतील विद्यार्थी-सहभागाचे तत्त्व मान्य झाले. राष्ट्रीय पाहण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊन त्यांवरून संस्थांचे क्रम लावले जाऊ लागल्यावर मात्र, विद्यार्थी हा शिकणारा न राहता ग्राहक बनतो, अशी टीका होऊ लागली.

भारत : कोठारी आयोगाने (१९६४–६६) प्रत्येक विभागात व महाविद्यालयात अध्यापक-विद्यार्थ्यांच्या संयुक्त समित्या स्थापन कराव्यात, अशी शिफारस केली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनेही विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या कारभारातील विद्यार्थी-सहभागाचा विचार केला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अध्यापकांच्या मूल्यमापनाची पद्धत खुली, सहभागात्मक व माहितीवर आधारित असावी, असे म्हटले आहे. बंगळुरू येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेमुळे (नॅक) विद्यार्थ्यांचे प्रत्याभरण घेणे ही महाविद्यालयांची प्रशासकीय गरज बनली. परिषदेने २००६ हे वर्ष गुणवत्ता-निश्चितीतील विद्यार्थी-सहभागाचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. २०१७ च्या सुधारित चौकटीत तिने विद्यार्थ्यांची समाधान-पाहणी समाविष्ट केली.

महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ अधिनियमान्वये विद्यार्थी परिषदेवरील वर्गप्रतिनिधींची निवड परीक्षेतील गुणवत्तेनुसार होत असे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अंमलात आला. त्यात विद्यार्थी परिषदेसाठी निवडणुकीची तरतूद असून, महाविद्यालय विकास समितीवर परिषदेचे अध्यक्ष व सचिव यांना स्थान देण्यात आले आहे.

भारतीय परिस्थितीत काही विशेष अडचणी संभवतात. संलग्न महाविद्यालयात अभ्यासक्रम व अंतिम परीक्षा विद्यापीठ ठरविते. त्यामुळे अभ्यासक्रमाचा बोजा किंवा प्रश्नपत्रिकेचे स्वरूप यांविषयीची नाराजी अध्यापकाच्या खाती जमा होण्याचा संभव असतो. अंतर्गत गुण अध्यापकाच्याच हाती असल्याने विद्यार्थी मोकळेपणी लिहीत नाहीत. लहान वर्गात तर हस्ताक्षरावरूनही लिहिणारा ओळखू येतो; म्हणून निनावीपणाची हमी आणि निकाल लागल्यानंतरच उत्तरे अध्यापकाच्या हाती देण्याची पद्धत या गोष्टी आवश्यक ठरतात. मध्यसत्रीय पद्धतीत त्रयस्थ सहकारी मुद्द्यांचा सारांशच देत असल्याने हा धोका कमी होतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांपुढे केवळ इंग्रजी प्रश्नावली ठेवल्यास मिळणारी उत्तरे विश्वसनीय असू शकत नाहीत. तसेच गुरूविषयी बोलू नये, हा संस्कारही अनेकांच्या, विशेषतः घरातील पहिल्याच पिढीच्या पदवीधर होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या, आड येतो. त्यांच्या मौनाचा अर्थ समाधान असा लावणे चुकीचे ठरेल.

सर्वांत नाजूक प्रश्न तासिका तत्त्वावर वा अन्य तात्पुरत्या स्वरूपात नेमलेल्या अध्यापकांचा आहे. ज्याची पुढील वर्षाची नेमणूक प्रश्नावलीतील आकड्यांवर अवलंबून असेल, तो अध्यापक अवघड भाग सोपा करून सांगण्याऐवजी गाळण्याकडे, तसेच गुणदानात सढळ होण्याकडे झुकण्याची शक्यता अधिक. अशा वेळी मूल्यमापनाच्या हेतूलाच बाध येतो आणि अंतिम नुकसान विद्यार्थ्याचेच होते. म्हणून निर्णयात्मक मूल्यमापनात विद्यार्थ्यांचे मत हा एकमेव आधार असू नये. समकक्षांनी केलेले वर्गनिरीक्षण, अध्यापनाची टाचणे, प्रश्नपत्रिका व तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे नमुने यांची त्याला जोड द्यावी. मतांची विभागणी व उत्तरे देणाऱ्यांची संख्या नेहमी नमूद करावी. अल्प फरकांवरून अध्यापकांचे क्रम लावू नयेत. आणि अध्यापकाला आपले म्हणणे मांडण्याची संधी असावी. ही पथ्ये पाळली गेल्यास विद्यार्थ्यांचा सहभाग अध्यापकाला दडपणाऐवजी साहाय्य वाटतो. विद्यार्थ्यालाही आपण कसे शिकतो याचा विचार करण्याची सवय त्यातून लागते आणि पदवीनंतर स्वतःच्या बळावर शिकत राहण्यास ती उपयोगी पडते.